अळंबी, राक्षस आणि एइजी त्सुबुराया

गॉडझिला ठाऊक नाही असा माणूस आपल्या होस्टेलवर दुर्बीण लावूनही सापडायचा नाही. उद्या सबमिशन असलं तरी कुणाच्या ना कुणाच्या कॉम्प्युटरवर तो टोकियो तुडवत असतोच. स्टाफपैकी ज्यांचं बालपण ऐंशीच्या दशकात गेलं, त्यांना दूरदर्शनवरचा 'जायंट रोबोट' आठवत असेल. मनगटावरच्या घड्याळात बोलून अवाढव्य रोबोटला हाक मारणारा तो जपानी पोरगा, आणि दर आठवड्याला येणारा नवा राक्षस! ती मालिका १९६७ सालची, तोएई नावाच्या कंपनीची. पण जपानी टीव्हीवर दर आठवड्याला एक राक्षस आणायचं खूळ त्याच्या आदल्या वर्षी सुरू झालं होतं, आणि ते सुरू करणारा माणूस तेव्हा चौसष्ट वर्षांचा होता. गॉडझिलाच्या तुडवातुडवीमागेही तोच. नाव एइजी त्सुबुराया.

मित्रांनो, राक्षस बनवणाऱ्या माणसाची गोष्ट म्हटल्यावर तुम्हाला रबर, बारूद आणि कॅमेरा आठवेल. ते सगळं येणार आहेच. पण या माणसाच्या आयुष्यात पुन्हा पुन्हा येणारी एक वेगळीच चीज आहे, ती म्हणजे बुरशी. कशी ते सांगतो.

जपानच्या ईशान्येला फुकुशिमा प्रांतात सुकागावा नावाचं गाव आहे. तिथे जुलै १९०१ मध्ये एइजीचा जन्म झाला. घरचा धंदा कोजीचा. कोजी म्हणजे वाफवलेल्या तांदळावर मुद्दाम वाढवलेली बुरशी. आपल्या मेसमध्ये ब्रेडवर बुरशी दिसली तर मेस सेक्रेटरीची धडगत नसते, पण जपानी स्वयंपाकघर निम्मं याच बुरशीवर चालतं. तांदूळ वाफवायचे, त्यावर बुरशीचे बीजाणू भुरभुरायचे आणि उबदार खोलीत दोनतीन दिवस ठेवून द्यायचे. बुरशीतली एन्झाइम्स स्टार्चची साखर करून टाकतात. मग त्यापासून साके ही दारू, सोया सॉस आणि मिसो नावाची सोयाबीनची आंबवलेली चटणी, असं सगळं होतं. यातली मिसो लक्षात ठेवा, पुढे एका बॉम्बसाठी लागणार आहे.

एइजी तीन वर्षांचा असताना आई गेली. वडीलही घर सोडून गेले. आजी आणि वयाने थोडाच मोठा असलेला काका यांनी त्याला वाढवलं. १९१० च्या डिसेंबरात जपानमध्ये पहिल्यांदा इंजिनाचं विमान उडालं, आणि नऊ वर्षांच्या या पोराला विमानाचं वेड लागलं. लाकडाची विमानं करायचा, तीही अशी हुबेहूब की गावात बोलबाला झाला. मग सिनेमाचं एक खेळण्यातलं यंत्र हाती लागलं. फिल्म कुठून आणणार? पठ्ठ्याने कागदाच्या गुंडाळीला कडेने भोकं पाडली, एकेका चौकटीत काडीमाणसं काढली आणि ती पट्टी यंत्रातून फिरवली. आज आपण ज्याला अॅनिमेशन म्हणून सेमिनार देतो ते हे.

१९१६ मध्ये टोकियोजवळ हानेदाला एक खासगी उड्डाणशाळा निघाली. घरच्यांना कसंबसं पटवून एइजी तिथे दाखल झाला. पण १९१७ च्या मे महिन्यात शाळेचे मुख्य शिक्षक विमान कोसळून मेले आणि शाळाच बंद पडली. सोळाव्या वर्षी करिअरचा निकाल लागला म्हणायचा! त्यानंतर तो टोकियोतल्या कांदा भागातल्या इलेक्ट्रिकल शाळेत गेला. ही शाळा म्हणजे आजच्या टोक्यो डेंकी युनिव्हर्सिटीचं मूळ. तेव्हा इलेक्ट्रिकल ब्रँचच्या मंडळींनी कॉलर ताठ करायला हरकत नाही. शिकता शिकता खेळण्यांच्या कंपनीत काम करून नवी नवी खेळणी शोधून काढणं चालू होतं. त्यातून बरे पैसेही मिळाले.

१९१९ च्या वसंतात या कंपनीची मंडळी साकुराचा बहर बघायला बाहेर पडली. तिथल्या चहाच्या दुकानात त्यांची आणि सिनेमावाल्यांच्या एका टोळक्याची जुंपली. भांडण मिटवायला मध्ये पडला तो एइजी. सिनेमावाल्यांमध्ये योशिरो एदामासा नावाचे दिग्दर्शक होते. त्यांना हा मुलगा आवडला आणि त्यांनी त्याला कामावर घेतलं. कॅम्पस इंटरव्ह्यू असेही होतात!

पुढे लष्करातली सक्तीची नोकरी झाली. परत आल्यावर घरच्यांची अपेक्षा होती की आता पोरगा बुरशीच्या धंद्यात बसेल. नाव काढल्याशिवाय परत येणार नाही अशा अर्थाची चिठ्ठी ठेवून तो घरातून निघून गेला. त्यानंतरची दहाएक वर्षं उमेदवारीची. १९२६ च्या एका गाजलेल्या मूकपटात, 'अ पेज ऑफ मॅडनेस' या नावाने तो आज जगभर दाखवतात, त्यात कॅमेऱ्याच्या मदतनिसाचं काम. स्टुडिओत धूर करून दृश्याला खोली आणायची सवय, म्हणून सहकाऱ्यांनी ठेवलेलं नाव धूरवाला त्सुबुराया. कॅमेरा वरखाली न्यायला लाकडाची क्रेन स्वतः बनवली. १९३० मध्ये मासानो अराकी यांच्याशी लग्न झालं. पुढे बायकोच्या पाठोपाठ ते कॅथलिक झाले.

१९३३ मध्ये अमेरिकेचा 'किंग काँग' जपानात आला. लोक थिएटरातून बाहेर पडताना गोरिलाबद्दल बोलत होते. त्सुबुरायांनी मात्र त्या चित्रपटाची प्रिंट मिळवली आणि एकेक फ्रेम बघत तो कसा केला असेल याचा छडा लावत बसले. आजच्या भाषेत रिव्हर्स इंजिनिअरिंग. पण जपानी स्टुडिओंना अशा कामाची गरज वाटत नव्हती. ती गरज निर्माण केली युद्धाने.

इथे जरा थांबतो, कारण त्यांच्यावरच्या कौतुकाच्या लेखांत हा भाग दोन ओळींत उरकतात. ७ डिसेंबर १९४१ रोजी जपानने पर्ल हार्बरवर हल्ला केला. त्याच्या पहिल्या वर्धापनदिनाला चित्रपट हवा होता, आणि तोहो कंपनीने 'हवाई ते मलायाच्या समुद्रातली लढाई' अशा अर्थाच्या नावाचा तो चित्रपट काढला. हल्ल्याची दृश्यं त्सुबुरायांकडे. नौदलाने गुप्ततेच्या नावाखाली जहाजांची माहितीसुद्धा धड दिली नाही. तेव्हा वर्तमानपत्रातल्या फोटोत दिसणाऱ्या लाटांच्या उंचीवरून त्यांनी जहाजांच्या आकाराचा अंदाज बांधला म्हणे. काही समुद्र त्यांनी चक्क चायना ग्रासचे केले. पाण्याचा थेंब काही लहान होत नाही, त्यामुळे छोट्या टाकीतलं पाणी पडद्यावर टाकीतलंच दिसतं. चायना ग्रासची जेली घट्ट बसली की तिच्यावर हव्या तेवढ्या बारीक लाटा कोरता येतात, आणि वरून विमानातून बघितल्यासारखा समुद्र तयार होतो. चित्रपट तुफान चालला. दृश्यं इतकी खरी वाटत होती की युद्धानंतर आलेल्या अमेरिकनांनी त्यातली काही खऱ्या हल्ल्याची समजली, अशी कथा आहे.

कारागिरी म्हणून थक्क व्हावं अशी ही गोष्ट. पण ती बघून किती पोरं हसत हसत वैमानिक व्हायला गेली असतील, हाही प्रश्न आहेच. विजेत्यांनी तो विचारलाच. १९४८ मध्ये युद्धप्रचारात हात असल्याबद्दल त्सुबुरायांना तोहोतून जावं लागलं. सत्तेचाळिसाव्या वर्षी नोकरी गेली, घरात बायको आणि तीन मुलगे. त्यांनी टोकियोतल्या राहत्या घराच्या आवारातच एक छोटी प्रयोगशाळा थाटली आणि मिळेल त्या स्टुडिओची कामं करत राहिले. पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीला तोहोने त्यांना परत घेतलं. या काळाबद्दल त्यांना काय वाटत होतं ते त्यांच्या कामातूनच ताडावं लागतं, आणि मला तरी असं दिसतं की त्यानंतर त्यांच्या गाजलेल्या राक्षसांपैकी एकामागून एक अणुबॉम्बच्या पोटातून आले.

१ मार्च १९५४ रोजी अमेरिकेने बिकिनी बेटावर हायड्रोजन बॉम्बची चाचणी केली. त्याची राख एका जपानी मासेमारी बोटीवर पडली, खलाशी आजारी पडले, एक दगावला. जपान हादरलं. त्याच वर्षी ३ नोव्हेंबरला 'गॉडझिला' पडद्यावर आला. दिग्दर्शक इशिरो होंडा, राक्षस त्सुबुरायांचा. खरं तर त्यांच्या मनात होता एक प्रचंड ऑक्टोपस. तो बाजूला पडला आणि सरडा आला. 'किंग काँग'सारखी बाहुली इंच इंच हलवून चित्रपट करायचा तर त्यांच्या हिशेबाने सात वर्षं लागली असती, हाताशी होते काही महिने. तेव्हा रबरी कातड्यात माणूस घुसवायचा ठरलं. पहिलं कातडं सुमारे १०० किलोचं. आत हारुओ नाकाजिमा नावाचा दणकट नट, वर स्टुडिओचे दिवे. कातड्यातून घाम ओतून काढावा लागायचा.

आता अॅप्लाइड मेकॅनिक्सचा प्रश्न. टोकियोचं मॉडेल १:२५ या प्रमाणात आहे. इमारत ढासळताना खरी वाटायला कॅमेरा किती वेगाने फिरवायचा? खाली पडायला लागणारा वेळ उंचीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो. पंचवीसपट लहान इमारत पाचपट लवकर कोसळते. म्हणजे सेकंदाला २४ ऐवजी १२० फ्रेम घ्यायच्या आणि दाखवायच्या २४ ने. मग तीच थर्मोकोलछाप भिंत सावकाश, वजनदारपणे खाली येते. राक्षसाचं पाऊलही तसंच जड पडतं. नाकाजिमांचा धप्पकन पडलेला पाय पडद्यावर वीस हजार टनांचा वाटतो तो या वर्गमुळामुळे. व्हायव्हाला हे उदाहरण दिलंत तर एक्स्टर्नल खूश होतील, जबाबदारी माझी नाही.

राहून गेलेला ऑक्टोपस त्यांनी १९६२ च्या 'किंग काँग विरुद्ध गॉडझिला'मध्ये आणलाच. त्यासाठी चार जिवंत ऑक्टोपस वापरले. शूटिंग संपल्यावर तिघांना सोडून दिलं आणि चौथा त्सुबुरायांच्या रात्रीच्या जेवणात गेला. राक्षस करायचा आणि मग तोच खायचा, हे भाग्य फार थोड्या दिग्दर्शकांना लाभलं असेल!

मिसोचं राहिलंय. १९६१ साली तिसऱ्या महायुद्धावरच्या एका चित्रपटासाठी त्यांना अणुस्फोटाचा ढग हवा होता, तो अळंबीच्या आकाराचा. बारूद उडवून तो काही जमेना. जपानात अशी गोष्ट सांगतात की समोर मिसोच्या सुपाची वाटी होती, आणि तळाशी बसलेली मिसो गरम पाण्यात ढगांसारखी उसळून वर येताना त्यांनी पाहिली. झालं. पाण्याची टाकी घेतली, त्यात वरून रंग सोडला आणि कॅमेरा उलटा लावला. खाली फुगत जाणारा रंग पडद्यावर वर चढणारा ढग झाला. कोजीच्या घरातलं पोर शेवटी कोजीच्याच पदार्थाने बॉम्ब फोडायला शिकलं.

त्यानंतर दोन वर्षांनी, ऑगस्ट १९६३ मध्ये आला 'मातांगो'. गॉडझिलाइतका हा चित्रपट आपल्याकडे कुणाला माहीत नाही, पण माझ्या मते त्सुबुरायांच्या हातून झालेलं सगळ्यात भीतिदायक काम हेच. मूळ कथा विल्यम होप हॉजसन या इंग्रज लेखकाची, १९०७ मधली. दिग्दर्शक पुन्हा होंडा. सात शहरी माणसं नौकेतून मजा करायला निघतात आणि वादळात सापडून एका निर्जन बेटाला लागतात. किनाऱ्यावर बुरशीने माखलेलं एक बेवारस जहाज. अणुचाचण्यांचे परिणाम तपासायला आलेलं. जहाजावर माणूस नाही, प्रेत नाही, आरसा नाही. अळंबी खाऊ नका एवढी सूचना मात्र लिहून ठेवलेली. बेटावर मुबलक आहे ती फक्त अळंबी. डब्यातलं अन्न संपत जातं, एकेकाचा धीर सुटतो. जो खातो त्याला स्वर्गसुख मिळतं आणि हळूहळू तो स्वतःच अळंबी होतो.

इथे इमारती पडत नाहीत. राक्षस बाहेरून येतच नाही, तो ताटातून येतो. पावसात अळंब्या डोळ्यांदेखत फुगताना दाखवायच्या होत्या, त्यासाठी त्सुबुरायांच्या माणसांनी फेसाळून फुगणारं पॉलियुरेथेन वापरलं. दोन द्रव मिसळले की वायू सुटतो आणि मिश्रण फुगत जाऊन घट्ट होतं, तेच रसायन आता आपल्या गाद्यांत असतं. पण नटांनी खायच्या अळंब्या फोमच्या करून कसं चालेल? त्या तांदळाच्या पिठाच्या, रंग घातलेल्या गोड मिठाईच्या केल्या. चवीला छान होत्या म्हणे. पडद्यावर मात्र कुमी मिझुनो ही नटी ती मिठाई अशा काही तृप्त चेहऱ्याने खाते की बघणाऱ्याच्या अंगावर काटा येतो. हा चित्रपट लहानपणी बघून पुढे कित्येक वर्षं अळंबी खाऊ न शकलेले जपानी लोक आहेत.

हे आपल्याला कळायला थोडं कठीण आहे. आपल्या भाषेने निवाडा आधीच करून ठेवलाय, खायची ती अळंबी आणि उरलेल्या सगळ्या कुत्र्याच्या छत्र्या. जपानात रानातली अळंबी गोळा करणं हा शरदातला घरगुती सोहळा असतो. सुवासिक मात्सुताके, बुळबुळीत नामेको, झालरीसारखी माइताके. आणि त्यांच्यातच मिसळून उगवते त्सुकियोताके, म्हणजे चांदरातीची अळंबी. ती अंधारात मंद चमकते, दिवसा मात्र खायच्या अळंबीसारखीच दिसते. जपानात अळंबीमुळे होणाऱ्या विषबाधांत तिचा नंबर फार वरचा. देठ उभा चिरला गेला तर खायला हरकत नाही असा एक जुना समज तिथे आहे, तो साफ खोटा. (ट्रेकला जाणाऱ्यांनी नोंद घ्यावी आणि मॅगीच खावी.) त्सुबुरायांच्या फुकुशिमात आणखी एक गंमत मिळते. जमिनीत चेंडूसारखी वाढणारी एक अळंबी, कोवळी असताना भातात शिजवतात. तिथे तिला मामेदांगो म्हणतात. आपल्या देशात झारखंडात रुगडा आणि बस्तरमध्ये बोडा म्हणून पहिल्या पावसात जी बाजारात येते, ती हिच्याच गोतावळ्यातली. मातांगो हे नाव अशाच एका गावठी नावावरून पाडल्याचं सांगतात.

आणि मग ११ मार्च २०११. भूकंप, सुनामी, फुकुशिमाची अणुभट्टी. सुकागावा गावाच्या हद्दीतलं फुजिनुमा हे मातीचं धरण त्याच दिवशी भूकंपाने फुटलं आणि माणसं वाहून गेली, सिव्हिलवाल्यांनी जरूर वाचावं असं प्रकरण आहे ते. अणुभट्टीतून सुटलेलं सीझियम रानात पसरलं. सीझियम रसायनाच्या दृष्टीने पोटॅशियमचा भाऊ. अळंबीचे धागे जमिनीच्या वरच्या थरात जाळं विणतात आणि पोटॅशियम समजून ते शोषतात. एप्रिल २०१२ पासून अन्नासाठी किलोला १०० बेकरेल ही मर्यादा लागू झाली. फुकुशिमा प्रांतातल्या बऱ्याच गावांतली रानअळंबी विकायला बंदी आली, आणि दहा वर्षं उलटली तरी अनेक ठिकाणी ती उठली नव्हती. सीझियम-१३७ चं अर्धआयुष्य ३० वर्षांचं आहे. किरणोत्सर्गाने नासलेली, खाऊ नये अशी अळंबी. त्सुबुरायांनी ती पडद्यावर आणली तेव्हा ती शुद्ध कल्पना होती. ती खरी झाली ती त्यांच्याच प्रांतात, ते गेल्यावर ४१ वर्षांनी.

'मातांगो' आला त्याच १९६३ मध्ये त्सुबुरायांनी स्वतःची कंपनी काढली आणि लगेच ती बुडवायचीही तयारी केली. झालं असं की त्यांना अमेरिकेचा ऑक्सबेरी ऑप्टिकल प्रिंटर हवा होता. एका बाजूला प्रोजेक्टर, समोर कॅमेरा, आणि मधून एकेक फ्रेम नव्या फिल्मवर उतरवायची. माणूस एका फिल्मवर, राक्षस दुसऱ्या, किरण तिसऱ्या, सगळे एका चित्रात. आज फुकटातल्या सॉफ्टवेअरवर होणारं काम. त्या यंत्राची किंमत होती सुमारे चार कोटी येन. कंपनीकडे तेवढे पैसे नव्हते. एका टीव्ही वाहिनीबरोबर ठरत आलेल्या मालिकेच्या भरवशावर त्यांनी ऑर्डर देऊन टाकली. मालिका फिसकटली. ऑर्डर रद्द करायला गेले तर यंत्र अमेरिकेतून निघालेलं! साठी ओलांडलेला माणूस, नवी कंपनी, आणि दारात येऊ घातलेलं चार कोटींचं कर्ज. थोरला मुलगा हाजिमे टीबीएस या वाहिनीत दिग्दर्शक होता. शेवटी टीबीएसने ते यंत्र स्वतःकडे घेतलं, आणि आता एवढं महागडं यंत्र घेतलंच आहे तर त्याला काम हवं म्हणून मालिका काढायचं ठरलं. जपानी टीव्हीवरच्या राक्षसांचा जन्म हा असा झाला.

'अल्ट्रा क्यू' २ जानेवारी १९६६ पासून दर रविवारी संध्याकाळी सात वाजता लागू लागली. १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये जिम्नॅस्टिक्समुळे 'अल्ट्रा सी' हा शब्द तोंडोतोंडी झाला होता, त्यावरून हे नाव. कृष्णधवल मालिका, पण दर भागाला नवी आफत, आणि बघणारे सरासरी तीस टक्क्यांच्या वर. त्यातला माझा लाडका म्हणजे कानेगोन. पैशाचा हावरट एक मुलगा त्या हावेपायी राक्षस होतो, आणि मग त्याला जगण्यासाठी नाणी खावी लागतात. छातीवर मीटर, त्यात शिल्लक दिसते. शून्य झालं की खेळ खलास. महिनाअखेरीला आपल्या विंगमध्ये असे बरेच फिरत असतात.

जुलै १९६६ मध्ये 'अल्ट्रामॅन' सुरू झाला, रंगीत. राक्षसाशी लढायला आता तेवढाच उंच रुपेरी नायक होता. पृथ्वीवर तो जेमतेम तीन मिनिटं टिकायचा, छातीवरचा निळा दिवा लाल होऊन लुकलुकायला लागला की पोरांचा जीव टांगणीला. दर आठवड्याला नवा राक्षस आणायचा म्हणजे काय काटकसर होत असेल बघा. एका चित्रपटातल्या बारागोन नावाच्या राक्षसाच्या कातड्याचे, डोकं आणि शेपूट बदलून, या दोन मालिकांत मिळून चार राक्षस झाले. गॉडझिलाच्या गळ्यात झालर बांधून त्याचा जिरास केला. आपल्याकडे एकच जर्नल चार जणांच्या नावांनी फिरतं तसलाच प्रकार. लहान मुलं बघतात म्हणून रक्त सांडायचं नाही, हा मात्र त्सुबुरायांचा दंडक.

दुसऱ्याच भागात आला बाल्टन. खेकड्यासारखे पंजे, सोंग मागच्या मालिकेतल्या रातकिड्यासारख्या माणसाचं सुधारून घेतलेलं. एका माथेफिरू शास्त्रज्ञाच्या अणुचाचणीत या जमातीचा ग्रह नष्ट झालेला असतो. वाचलेले २०३ कोटी बाल्टन सूक्ष्म होऊन एका यानात राहतात आणि घर शोधत पृथ्वीवर येतात. म्हणजे बघायला गेलं तर निर्वासितच. अल्ट्रामॅन ते यान उडवतो. आठ वर्षांच्या मुलाला त्यात काही खटकत नसेल, आता बघताना घास अडकतो. आणि बाल्टनचं ते घुमणारं हसू, जपानात आजही पोरं हाताचे पंजे करून ज्याची नक्कल करतात, ते नव्याने ध्वनिमुद्रित केलेलं नाही. 'मातांगो'मधल्या अळंबीमाणसांचा आवाज घेऊन, त्यात फेरफार करून तो या सोंगाला लावलेला आहे.

त्यानंतरची तीन वर्षं धावपळीची. 'अल्ट्रासेव्हन', इतर मालिका, तोहोचे चित्रपट, कंपनीची देणी. हृदयाने तक्रार सुरू केली तशी विश्रांतीसाठी ते समुद्रकाठच्या इतो गावातल्या घरी जाऊन राहिले. २५ जानेवारी १९७० रोजी तिथेच हृदयविकाराने गेले, वय ६८. कंपनी हाजिमेने सांभाळली, पण तोही तीनच वर्षांत गेला. राक्षस मात्र थांबले नाहीत. २०२४ च्या मार्चमध्ये 'गॉडझिला मायनस वन'ला व्हिज्युअल इफेक्ट्सचं ऑस्कर मिळालं. सुकागावाने २०१३ मध्ये अल्ट्रामॅनच्या ग्रहाशी भगिनी-नगराचा रीतसर करार केला आणि २०१९ मध्ये त्सुबुरायांच्या नावाचं संग्रहालय उघडलं. गावच्या रस्त्यावर राक्षसांचे पुतळे उभे आहेत.

इतोमध्ये शेवटच्या दिवसांत ते एका चित्रपटाची आखणी करत होते. तो राक्षसांचा नव्हता. जपानातल्या सुरुवातीच्या विमानवेड्यांवरचा होता, लाकूड आणि कापडाची यंत्रं घेऊन हवेत झेपावणाऱ्या आणि कधी कधी कोसळणाऱ्या माणसांवरचा. तो झालाच नाही.